दाढ अक्काची, तोंड सरूचं

दात ओढून काढत नाहीत. हे एकदा छापून आलं म्हणजे मी मरायला मोकळी. सगळं आयुष्य लोक मला विचारत आले, "बाई, तुमच्या अंगात एवढा जोर येतो कुठून?" आणि माझ्या मनगटाकडे असं बघत, जणू मी पदराखाली दंड लपवलेत.

दात म्हणजे जमिनीत रोवलेला खुंटा. खुंटा उपटायचा तर शहाणा माणूस आधी तो खाली दाबतो, मग इकडेतिकडे हलवतो, भोवतालची माती सैल करतो. इथे मातीच्या जागी हाड असतं, एवढाच फरक. हाड हळूहळू वाट देतं आणि दात, पाहुणा उठावा तसा, स्वतःहून उठतो. जो नुसता ओढतो तो तरी आपटतो, नाहीतर दात अर्धा मोडतो. मग खरी मजा सुरू होते आणि ती पेशंटला येत नाही.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मी मुंबईला ही विद्या शिकले आणि लग्न होऊन जळगावला आले. यजमान वकील. म्हणजे एकाच घरात, ओट्याच्या डाव्या खोलीत ते लोकांना सांगत, 'तोंड उघडू नका', आणि उजव्या खोलीत मी सांगे, 'तोंड उघडा'. पेंटरने माझ्या पाटीवर 'दंत-डॉक्टरीण' लिहिलं, शेजारी दाताचं चित्र काढलं. ते चित्र मुळ्यासारखं दिसे. पहिल्या वर्षी एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन आत आले होते, ते उगाच नाही.

सुरुवातीला लोक दात काढायला येत नसत, बाई दात कशी काढते ते बघायला येत. खिडकीशी उभे राहत. माझी खरी स्पर्धा होती ती बाजाराच्या दिवशी गोधडी पसरून बसणाऱ्या दातवाल्याशी. त्याच्यापुढे काढलेल्या दातांचा ढीग असे. माझ्या भिंतीवर डिग्री होती. लोकांचा विश्वास ढिगावर.

गिऱ्हाइकंही एकेक. एक पहिलवान आला, ज्याच्या नावाने आखाड्यात लोक टोप्या उडवत. मी सुई उकळत्या पाण्यातून काढली आणि तो खुर्चीतून सरळ जमिनीवर. पडताना माझं स्टूल मोडलं. शुद्धीवर आल्यावर त्याने मला आईची शपथ घातली की बाहेर सांगायचं, चार माणसांनी धरला तेव्हा कुठे दात निघाला. मी सांगितलं. धंद्यालाही ते बरं पडलं. कापसाचे एक दलाल होते, त्यांचा हट्ट वेगळाच. "दुखतो तो राहू द्या, तो सुपारीचा आहे. शेजारचा काढा, म्हणजे ह्याला ऐसपैस होईल." त्यांना समजावण्यात माझी जेवढी बुद्धी खर्ची पडली, तेवढ्यात मी आणखी एक परीक्षा पास झाले असते.

पण सांगायची आहे ती अक्काची गोष्ट.

अक्का भडगावकडची, गिरणेकाठच्या एका गावची. पन्नाशी उलटलेली, उंच, हाडापेराने मजबूत. कापूस वेचणीचे दिवस होते. गाल फुगलेला, त्यावर हळदीचा लेप, डोक्यावरून पदर कानाला गच्च बांधलेला, अशी ती माझ्या दारात उभी राहिली. मागे तिचा धाकटा भाऊ नाना, गावातला बऱ्यापैकी शेतकरी. आणि त्याच्या मागे नानाची मुलगी सरू, सतराअठराची. सरूची आई सरू लहान असतानाच गेलेली. अक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तेव्हा सरूला वाढवली अक्काने, नानाला वाढवला अक्काने आणि गावात बोलवा अशी होती की विहिरीला पाणीही अक्काला विचारून लागलं.

"डॉक्टर कोठे शे?" अक्काने तिच्या अहिराणीत विचारलं.

"मीच डॉक्टर."

"तू?" तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुना हातमा जोर शे का?"

"जोर लागत नाही, अक्का."

"मंग पैसा कसाना लेस?"

या प्रश्नाला उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी तिला खुर्चीत बसवलं. घाबरलेल्या माणसाच्या आधी मी त्याच्याबरोबर आलेल्याशी बोलत असे, तेवढ्यात हत्यारं उकळतात आणि पेशंटचा श्वास जागेवर येतो. म्हणून मी मुलीला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"सरू शे तिनं नाव," अक्का म्हणाली.

"शाळेत गेली आहेस?"

"सातवीनी फायनल व्हई गयी तिनी," अक्का म्हणाली.

"आणि पुढे शिकायचंय का?"

अक्काने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि मी आरसा आत घातला. सरूने माझ्याकडे एकदा बघितलं, मग जमिनीकडे.

खालची, उजवीकडची, अगदी शेवटची दाढ. आतून पार पोखरलेली, मुळाशी पू. भुलीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने अक्काने घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, "मनी जीभ कोठे गयी वं?" जीभ जागेवर आहे, फक्त झोपली आहे, असं सांगितल्यावर ती म्हणाली की ही जीभ जन्मात झोपलेली नाही. नाना खिडकीबाहेर बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

दाढ तिरकी होती, तिने वेळ खाल्ला. "ओढत नाही, हलवून हलवून काढते," मी नानाला सांगत होते. अक्काने हूं की चूं केलं नाही. निघाली तेव्हा तिने ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "इतलीशी?" सगळेच असं म्हणतात. दुखताना दाढ नारळाएवढी वाटते आणि हातात आली की चिंचोका.

मग मी नेहमीचं सांगितलं. दात काढणं हे अर्धं काम, उरलेलं अर्धं घरी जाऊन पेशंटने करायचं असतं आणि तो ते करत नाही. दात निघाला की त्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते. ती गाठ म्हणजे हाडावरचं झाकण. ती टिकली तर आठवड्यात जखम भरते. म्हणून थुंकायचं नाही, पहिल्या दिवशी चूळ भरायची नाही, गरम खायचं नाही, मिशरी लावायची नाही. "आणि जबडा आवळलाय तुमचा, त्याला आराम द्या. दोनचार दिवस जरा कमी बोला."

नाना पुढे झाला. तो माझ्याशी बाजारची मराठी बोलत असे. "म्हणजे बोलायचंच नाही, म्हणता?"

"जेवढं कमी तेवढं चांगलं."

"डॉक्टरच सांगतेय, अक्का," नाना इतक्या गंभीरपणे म्हणाला की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

चारपाच दिवसांनी सकाळी नाना एकटाच दारात. चेहरा उतरलेला. अक्का कळवळते आहे, झोप नाही, अन्न नाही, दुखणं कानात चढलंय, दाढ होती तेव्हा बरं होतं. तिला गाडीत घालून आणणं अशक्य आहे, तुम्हीच चला. मी हत्यारांची आणि औषधांची डबी भरली. यजमान म्हणाले, "जा, नाहीतर ती माणसं तुला खेचून नेतील." नाना म्हणाला, "खेचत नाही वकीलसाहेब, हलवून हलवून नेतो." मी दवाखान्यात सांगितलेलं एक वाक्य कोणीतरी ऐकलं होतं, याचा मला फार आनंद झाला.

पाचोऱ्यापर्यंत रेल्वे, तिथून भडगावची मोटार आणि पुढे नानाची दमणी. दमणीत बसल्यावर नाना बराच वेळ बैलांशी बोलला. मग माझ्याशी.

"बाई, एक सांगायचं होतं. आज घरी पाहुणे येणार आहेत. सरूला बघायला."

"अक्का एवढी आजारी असताना?"

"म्हणूनच." त्याने कासरा सैल सोडला. "तुम्ही बोलू नका म्हणालात, त्याच दिवशी मी धुळ्याला कार्ड टाकलं."

मग त्याने सगळं सांगितलं. सरूला आजवर जेवढी स्थळं आली, तेवढी अक्काने तोंडाने परतवली होती. एक मुलगा जेवायला बसला आणि पुरणपोळ्यांवर पोळ्या खाऊ लागला. अक्का त्याच्यापुढे बसून म्हणाली, "काम कव्हय करस रे भाऊ? का नुसता चावस?" दुसऱ्याच्या बापाने आपली जमीन फार सांगितली, तर अक्काने त्याला विचारलं, त्यातली काळी किती आणि तोंडातली किती. तिसरा मुलगा बिचारा लाजाळू, खाली बघून बसलेला. अक्का म्हणाली, "याले मान शे का खांदावर नुसतं डोकं ठी दिनं?" पाहुणे चहा न घेता उठले.

"पोर एकोणिसाव्यात पडेल आता," नाना म्हणाला. "हा मुलगा धुळ्याला हायस्कुलात भूगोल शिकवतो. निर्व्यसनी आहे. एवढी एक दुपार अक्का गप्प बसली पाहिजे. पण तिचं दुखणं बघवेना, म्हणून तुम्हाला घ्यायला आलो. बरी तर करा तिला, पण... एकदम बरी नका करू."

डॉक्टरकीत मला पुष्कळ विनवण्या ऐकायला मिळाल्या, अशी एवढीच.

घर पक्कं होतं, विटांचं, ओसरीवर कापसाची गंजी. अक्का माजघरात गालाला हात लावून बसली होती. जबडा एका बोटाएवढा उघडत होता. मी दिवा धरायला सांगितला, आत बघितलं आणि वासावरूनच समजले. गाठ गेलेली, खड्ड्यात हाड उघडं पडलेलं आणि त्या हाडावर काळी भुकटी.

"हे काय भरलंय?"

अक्काने भिंतीकडे बघितलं.

"मिशरी भरी दिनी तिनी," सरू म्हणाली. मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "खड्डा व्हता, म्हने, रिकामा कसाले ठेवाना."

उघड्या हाडाचं दुखणं दातापेक्षा वाईट. कानातून, मानेतून, डोळ्यामागून सणका मारतं. पण उपाय सोपा आहे आणि माझ्या धंद्यातल्या चमत्काराला जवळची अशी ती एकच गोष्ट. मिठाच्या कोमट पाण्याने खड्डा धुवायचा, लवंगेच्या तेलात भिजवलेली पट्टी अलगद आत बसवायची. पाचदहा मिनिटांत माणूस रडायचा थांबतो. अक्काचे डोळे हळूहळू मिटले, खांदे खाली आले. तिने माझा हात धरला, दाबला. मी वर कापसाचा जाड बोळा ठेवला आणि म्हटलं, "आता हा दाढांमध्ये दाबून धरायचा. मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडलं तर पट्टी निघेल आणि सगळं पहिल्यापासून."

एवढ्यात अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. अक्काने डोळे उघडले. तिने नानाकडे बघितलं. नाना आढ्याकडे बघत होता. तिने सरूकडे बघितलं. सरू नवं लुगडं नेसलेली होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मी पण कटातली होते. मी डोकं हलवून नाही म्हटलं, पण वकिलाच्या बायकोवर कोण विश्वास ठेवतो.

बोळा थुंकायला तिचा हात तोंडाकडे गेला. तिथे थांबला. कितीतरी रात्रींनी पहिल्यांदा दुखायचं थांबलं होतं. हात खाली आला. ती उठली, ओसरीच्या दारात, अगदी उंबऱ्याला लागून, मांडी घालून बसली आणि मला शेजारी बसायची खूण केली. बोळ्यावर लक्ष ठेवायला की माझ्यावर, कोण जाणे.

पाहुणे दोघंच. मुलाचे काका, त्यांना सगळे आबा म्हणत. धुळ्याला अडतीचं दुकान. पोट पुढे, बोटात अंगठ्या, बोलण्यात आपणच तराजू धरल्याचा थाट. आणि मुलगा, भूगोलाचे मास्तर. बारीक, चष्मा, सतरंजीच्या कडेला बसलेला.

आबांना अक्काची कीर्ती माहीत असावी. ते तिच्याकडे तिरप्या नजरेने बघत म्हणाले, "मुलगा सरकारी हायस्कुलात आहे. तेव्हा लग्नात एक रेडिओ..."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. बोळा दाबून धरल्यामुळे तिचा जबडा घट्ट, नाकपुड्या फुगलेल्या. नुसती बघत राहिली.

"तशी रेडिओची काही निकड नाही," आबा थोड्या वेळाने म्हणाले. "त्याला वाचायचा नाद आहे. एक मनगटी घड्याळ..."

अक्का बघत होती. तिची पापणीही लवेना.

"घड्याळ आहे म्हणा त्याच्याकडे. जुनं आहे, पण चालतं. सायकल तरी..."

"उं," अक्का म्हणाली. लवंगेचं तेल घशात उतरलं होतं.

"नको तर राहू द्या! शाळा काय, घरासमोरच आहे." आबांनी घाम पुसला. नानाच्या चेहऱ्यावर तर अशी प्रसन्नता पसरली की त्याने हा बोळा वर्षभर आधी आणून ठेवायला हवा होता, हेच तो मनात म्हणत असणार.

सरू पोहे घेऊन आली, पाटावर बसली. आबांना आता गेलेला तोरा परत मिळवायचा होता. नाव विचारलं. कापूस वेचता येतो का, भाकरी येते का. चालून दाखव. ती चालली. वर्तमानपत्र वाच. तिने वाचलं, अडखळली नाही, आबाच म्हणाले पुरे. माजघराच्या आतल्या दारात शेजारच्या बायका गोळा झाल्या होत्या.

मग आबांची नजर माझ्या पांढऱ्या एप्रनवर आली. "ह्या कोण?"

"दाताच्या डॉक्टरीण बाई. जळगावच्या," नाना अभिमानाने म्हणाला.

"अरे वा! मग बरंच झालं." आबा सरूला म्हणाले, "पोरी, आ कर. बाई, एकदा हिचे दात बघून सांगा बरं, चांगले आहेत ना? नंतर खर्च नको."

माझ्या मनगटात अक्काची बोटं रुतली. शेजारी बोळ्यावर दात करकरल्याचा आवाज मला स्पष्ट आला. मी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं असतं तर त्या काकांची सात पिढ्यांची बत्तीशी ओसरीवर पडली असती. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांत पाणी. तोंड मात्र बंद. आणि ती सरूकडे बघत होती. आजवर सरूला कोणी काही विचारलं की उत्तर अक्काकडून यायचं. आज सगळी ओसरी थांबलेली आणि उत्तर कुठूनच येत नव्हतं.

सरूने अक्काकडे बघितलं. वाट बघितली. मग मान वर केली.

"आबा," ती म्हणाली, "दात बैलना दखतस. तुम्ही बैल लेवाले उनात का?"

नानाच्या हातातली बशी सतरंजीवर कलंडली.

"आणि दखानाच व्हतीन," सरू न थांबता म्हणाली, "ते दोन्हीसना दखा. पयले त्यासना." आणि तिने सरळ मास्तरांकडे हात केला.

आबा उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ही... अशी तोंडाळ पोर..." त्यांनी आधारासाठी चारही बाजूंना बघितलं आणि शेवटी हताश होऊन ओरडले, "अक्का, तुम्ही तरी काही बोला!"

त्या घरात ही विनंती अक्काला आजवर कोणी केली नव्हती. अक्काने शांतपणे बोटाने आपला गाल दाखवला.

मास्तरही उठले. संपलं, असं मला वाटलं. नानाने तर डोळेच मिटले. पण मास्तर दाराकडे गेले नाहीत. ते माझ्यासमोर आले, पाट ओढला, त्यावर बसले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि तोंड उघडलं.

आता समोर उघडं तोंड आलं की माझा हात आपोआप आरशाकडे जातो, मग ती ओसरी असो की मंगलकार्य. मी त्यांची हनुवटी उजेडाकडे वळवली. बघितलं. "तंबाखू नाही," मी म्हटलं. "घासता नीट, पण मागपर्यंत ब्रश पोचत नाही. खालची डावी दाढ किडली आहे."

"दुखस का?" मागून सरूने विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. हो.

"मंग काढी का नही?"

मी आरसा बाहेर काढला. मास्तर तिच्याकडे वळून म्हणाले, "भीती वाटते."

आतल्या दारातल्या बायका फिसकन हसल्या. सरू हसली नाही. तिने थोडा विचार केला. "माले पुढे शिकनं शे," ती म्हणाली. "चाली का?"

"चालेल," मास्तर म्हणाले. "मला शिकवण्याशिवाय दुसरं येतंच काय?"

आबा तरातरा अंगणात जाऊन दमणीच्या सावलीत उभे राहिले. मास्तर परत जागेवर बसून पोहे खाऊ लागले, डाव्या बाजूने न चावता. ऊन कललं तशी दमणीची सावली सरकून कुंपणापलीकडे गेली आणि आबा आत आले. पाणी मागितलं. पोहेही खाल्ले. कोणी कोणाची माफी मागितली नाही, पण आबांनी पुढे कशाचीच मागणी केली नाही.

लग्न वैशाखात झालं. सरू धुळ्याला ट्रेनिंग कॉलेजात गेली, पुढे प्राथमिक शाळेत लागली. मास्तरांची दाढ मी काढली ती लग्नाच्या बऱ्याच नंतर. खुर्चीत बसून ते मला खंडांची आणि महासागरांची माहिती सांगत राहिले, म्हणजे मी सुरुवात करू नये. शेवटी सरूने कपाळावर हात ठेवून "आ करा" म्हटलं तेव्हा कुठे ते थांबले. लोक विचारतात, तुमच्या धंद्यातलं मोठं यश कोणतं. मी सांगते, एक लग्न जुळवलं. त्यांना वाटतं बाई म्हातारपणी भरकटली. पण मला एक सल आहे. त्या दुपारी मला वाटत होतं, सगळ्यांचं सगळं मला दिसतंय. अक्काचं दुखणं मला दिसलं ते फक्त जबड्यातलं.

त्या दिवशी पाहुणे गेले. नाना हवेत होता. ओसरीवर येरझारा घालत, जो भेटेल त्याला बशीतली साखर देत होता. मी अक्काला आत नेलं, बोळा काढला, पट्टी बघितली. पट्टी जागेवर होती. एवढ्या वादळात तिने ती हलू दिली नव्हती. मी खरंच कौतुकाने म्हटलं, "अक्का, तुमच्यासारखा पेशंट मी बघितला नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंड न वळवता, आवाज न करता ती रडत होती.

"दुखतंय?" मी विचारलं. मी डबीतून गोळी काढली, पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने गोळी तळहातावर घेऊन निरखली.

"ही गोयी बठ्ठं दुखनं थांबाडी का?" तिने विचारलं. जबड्यातून शब्द कसेबसे येत होते.

"सगळं नाही. दाढेचं थांबेल."

ती गोळी तशीच धरून बसली. ओसरीवर सरू शेजारणींशी बोलत होती. जोरात, भरभर, मध्ये कोणाला बोलू न देता. अक्का ऐकत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पोर बोलाले शिकनी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आते मी कोनसंगे बोलसू वं आठे?"

जी स्थळं तिने परतवली, ती का परतवली, ते तिने ह्या एका वाक्यात सांगून टाकलं होतं, आणि मुंबईला शिकलेल्या मला त्याच्यावर एक गोळी सुचली होती.

नाना दारात येऊन उभा होता. त्याने ऐकलं असावं. हातातली साखरेची बशी खाली ठेवून तो आत आला, बहिणीसमोर उकिडवा बसला. बारीक आवाजात, तिच्याच बोलीत म्हणाला, "मी शे ना, अक्का. मनासंगे बोलत जाय."

अक्काने पदराने डोळे पुसले. भावाकडे नीट बघितलं, त्याच्या दाढीपासून टोपीपर्यंत. मग गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली आणि माझ्याकडे वळली.

"बाई," ती म्हणाली, "तो बोया मना तोंडमा परत कोंब."